बाहव्याची शेंग आणि महाराजांचा भोपळा

खुळखुळ, खुळखुळ.

दुपारी सगळं जंगल गपगार पडलेलं असताना शेकरूच्या घरट्यात वाळलेली शेंग वाजली. बोंडू जागा झाला होता. त्याच्या आईने, केशरने, एक डोळा उघडला, निसटलेली शेंग पुन्हा त्याच्या पंजात दिली आणि उरलेल्या झोपेचा नाद सोडला.

बोंडूला अजून फांदीवरून फांदीवर उडी घेता येत नव्हती. बाकी जंगलात सगळं बरं चाललं होतं. अस्वलमहाराज राज्य करत होते. ते मधाशिवाय काहीच लुटत नसत, आणि जंगलात मधाशिवाय लुटण्यासारखं काही उरलंही नव्हतं. प्रधानपदाला घोरपड चिकटली होती. ती सुटेल अशी आशा कुणी बाळगत नसे.

कारभार खरा चालवत ते राघू. शिकवाल ते राघूंना येई. काटा कसा काढायचा, पाण्यासाठी कुठे खणायचं, वणवा आला तर काय करायचं, हे राघू सांगत आणि प्राणी करत. राघू आल्यापासून बाकीच्यांनी डोकी विश्रांतीला पाठवली होती. खोट एकच. रात्रीची झोप झाली की राघू कोरे. कालचं आज पुन्हा पहिल्यापासून. काटा रुतलेला ससा दिवसभर लंगडत बसे, कारण राघूचं अजून पाय म्हणजे काय इथेच चाललेलं असे.

राघूंच्या ढोल्यांची देखभाल केशरकडे होती. बिया लपवून ठेवायची तिची सवय इथे कामी आली. राघू एखादं काम शिकत असताना ती त्याला एक शेंग टोचायला देई. काट्याच्या कामाला करंज, वणव्याच्या कामाला बाहवा. टोचलेली शेंग वेगळ्या खोबणीत. काम निघालं की तेवढीच शेंग पुढे करायची. राघू चोच मारी आणि त्याला नेमकं तेवढंच आठवे. गेल्या उन्हाळ्यातला वणवा असाच विझला. राघूने सांगितलं, सगळ्यांनी केलं, संध्याकाळी जो तो आपल्या घरी. तेव्हा बाहव्याची एक टोचलेली शेंग जादा उरली. पुढे तिचाच बोंडूला खुळखुळा झाला, आणि तो वाजवताना त्या वणव्याची गोष्ट ऐकल्याशिवाय बोंडू झोपेना.

इतकं सोपं काम सरकारच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. प्रधानांनी सभा भरवली.

"या जंगलात आजवर कुणी काही शिकलंच नव्हतं," घोरपड म्हणाली. "आता शिकेल. सुट्या सुट्या शेंगा हे फुटीचं लक्षण आहे. एक जंगल, एक माळ."

सगळ्या शेंगा एका वेलीत ओवल्या गेल्या. सुरुवातीला भोपळा. त्याला टोचलं की राघूला महाराजांची थोरवी आठवे. त्यामागे महाराजांच्या बालपणाची शेंग, महाराजांच्या शिंकेची शेंग, ती शिंक ऐकून धन्य झालेल्यांची शेंग. काम कुठलंही असो, चोच मारायची ती भोपळ्यापासून, ओळीने, एकही न गाळता. करंजापर्यंत पोचेतो राघूला ससा कोण हेच आठवेना.

केशरने जाऊन विचारलं, "प्रधानजी, काटा काढायला महाराजांची शिंक कशाला लागते?"

"बाई, तुम्ही लेकुरवाळ्या. घरट्याकडे बघा."

"घरट्याकडे बघूनच विचारतेय."

मग वणवा आलाच. सगळे माळेपाशी धावले. राघूने भोपळ्याला चोच मारली आणि थोरवी सुरू केली. धूर वर चढू लागला तेव्हा महाराज बालपणात नुकते रांगत होते. पाचोळा ओढा, मातीचा पट्टा उघडा करा, असं केशर घसा फोडून सांगत होती. पण ते राघूच्या तोंडून आलेलं नव्हतं, त्यामुळे कुणी हललं नाही. तिच्या झाडाखालचं गवत तडतडू लागलं. वर बोंडू होता, उडी न येणारा.

ती सरसर वर गेली. त्याच्या पंजातून शेंग ओढली. तो भोकाड पसरून रडला. ती खाली आली आणि तिने शेंग राघूच्या चोचीत कोंबली.

"वाऱ्याच्या पुढे जा," राघू लगेच म्हणाला. "पाचोळा ओढा. उघड्या मातीचा पट्टा करा." सगळे कामाला लागले. आग पट्ट्यापर्यंत आली, थांबली, विझली.

दुसऱ्या दिवशी त्याच झाडाखाली विजयसभा झाली. जंगलाच्या इतिहासात वणवा पहिल्यांदाच विझला आणि तो भोपळ्यामुळे, असं जाहीर झालं. बाहव्याची शेंग सरकारजमा होऊन माळेच्या अगदी शेवटी, शिंकेच्या नव्या आवृत्तीमागे, ओवली गेली. टाळ्या थांबेनात. गेल्या उन्हाळ्यात शेपूट होरपळलेली लांडोरही वाजवत होती, म्हणजे पंख आपटत होती.

घरट्याच्या काठावर बोंडू रिकामे पंजे घेऊन बसला होता. खालच्या टाळ्यांकडे बघत त्याने विचारलं,

"आई, राघू झोपले की विसरतात ना?"

"हो रे राजा."

"मग हे सगळे कधी झोपले?"