बंद न पडणारी लिफ्ट

रुग्णालयाचे अध्यक्ष घारपुरे लिफ्टमध्ये शिरता शिरताच गरजले, "सर्व्हर वर्षभरात एकदाही बंद पडला नाही, मग तो सांभाळणाऱ्यांना पैसे कशाला? कालच सांगितलं होतं. करार मोडला का?"

व्यवस्थापिका तृप्ती मुळीक त्यांच्या मागोमाग आत शिरल्या. अतिदक्षता विभागात कुणाला कोणतं औषध द्यायचं, ते सगळं त्याच सर्व्हरवर होतं. पण 'नाही' म्हणणाऱ्याला घारपुरे नोकरीवर ठेवत नसत.

लिफ्ट वर निघाली.

"आज मोडते, सर," त्या म्हणाल्या. "तोच हिशेब धरून लिफ्टची देखभाल मात्र कालच बंद केली. तीही कधी अडकली नव्हती."

पाचव्या मजल्याजवळ बारीकसा हिसका बसला. घारपुऱ्यांनी दांडी घट्ट धरली.

"आत्ताच्या आत्ता चालू करा!"

"कुठली देखभाल, सर? लिफ्टची की सर्व्हरची?"

"दोन्हींची!"