पाठमोरं कपाट

फार वर्षांपूर्वी एका पेठेतल्या वाचनालयात एक सागवानी कपाट होतं. वाचकांकडे त्याची कायम पाठ. लोकांनी खिडकीतून नाव सांगायचं आणि ग्रंथपालांनी पुस्तक काढून द्यायचं, अशी तिथली रीत. कपाटाला एवढंच दिसायचं, की पुस्तकं कोरी जातात आणि मळून येतात. मग ते पावसाळ्याचं निमित्त करून दार फुगवून बसायचं. हळूहळू लोक येईनासे झाले.

नव्या ग्रंथपाल कुमुदताई वैतागल्या. "भंगारात काढते याला!"

टेबल म्हणालं, "ताई, आधी वळवून तर बघा. त्यानं वाचणारं माणूस कधी पाहिलेलंच नाही."

ताईंनी कपाट वळवलं, दारं सताड उघडली. भाजीची पाटी उतरवून गजराबाई आत आल्या. त्यांनी भीतभीत आपल्या हातानं एक पुस्तक काढलं आणि अक्षरांखाली बोट धरून वाचायला बसल्या. वाचता वाचता त्यांचे डोळे भरून आले, आणि थोड्या वेळानं त्या एकट्याच खुदकन हसल्या.

कपाट थक्क झालं. "चाळीस वर्षं माझ्याच पोटात होतं ते," ते पुटपुटलं, "एवढं सगळं होतं त्यात?"

त्यानंतर भर पावसाळ्यातही त्याचं दार कधी अडलं नाही.