गाऱ्हाणं नसलेली गाडी

"मग खोटं कोण बोलतंय, बाबा? छापणारे, की वापरणारे?"

श्रीरंगनं विचारलं आणि हातातली वही मांडीवर आपटली.

मठाचे बाबा ओसरीवर बसून अंबाडीच्या वाखाचा दोर वळत होते. झोळीचा जुना दोर विरत चालला होता, म्हणून हा नवा. त्यांनी मान वर केली नाही.

"हे टोक धर जरा," ते म्हणाले.

श्रीरंगनं टोक धरलं.

मठ डोंगराच्या माथ्यावर होता. मठामागे अठरा उंबऱ्यांची वाडी. दवाखाना खाली, दीड तासाच्या वाटेवर. वाडीत कुणी अडलं, तर घोंगडीची झोळी करायची, ती वाशाला बांधायची आणि चौघांनी खांदा द्यायचा. आजवर असंच चालत आलं होतं.

आता साताऱ्याचे एक डॉक्टर मठाला गाडी देणार होते. शेतात चालवतात ती, चार जाड चाकांची फटफटी. कुणी तिला क्वाड म्हणतं, कुणी एटीव्ही. बैलवाटेनं ती वर येते, मागे छोटी गाडी जोडली की माणूस निजवून खाली नेता येतो. डॉक्टरांनी दोन गाड्या सांगितल्या होत्या, एक लाल आणि एक हिरवी. कुठली हवी ते मठानं ठरवायचं. उद्या सकाळी त्यांचा माणूस उत्तर न्यायला येणार होता.

बाबांनी हे काम श्रीरंगवर सोपवलं होतं. सोपवावं असाच तो होता. मठात येण्याआधी बारा वर्षं तो चाकणच्या एका कारखान्यात सुटे भाग तपासत असे. केसाएवढा फरक त्याच्या नजरेतून सुटत नसे, आणि हे त्याला स्वतःलाही चांगलं ठाऊक होतं.

शिवाय या कामात त्याचा जीव अडकला होता.

मागच्या पौषात यमुनाला झोळीतून खाली नेलं, तेव्हा श्रीरंग पुढे होता. यमुना म्हणजे कोंडिबाची सून, आणि कोंडिबा म्हणजे मठाचं चूल-पाणी सांभाळणारा म्हातारा. ओढ्याकडची वाट जवळची, म्हणून श्रीरंगनं ती धरली. अर्ध्यावर वाट खचलेली निघाली. झोळी घेऊन मागे फिरावं लागलं. यमुना वाचली… तिचं मूल नाही वाचलं.

आता तिला पुन्हा सातवा लागला होता.

"तेव्हा गाडी असती तर…" हे वाक्य श्रीरंग वर्षभर मनात घोळवत होता. त्याच्या पुढचं वाक्य त्यानं कधी बोलून पाहिलं नव्हतं.

"वाच," बाबा म्हणाले. "मला काय, काळं ते अक्षर. छापलेलं आधी वाच."

डॉक्टरांनी गाड्यांची तीन मासिकं पाठवली होती. श्रीरंगनं खुणेची पानं काढली.

"लाल गाडी. चढाला उत्तम, बसायला आरामशीर, इंजिन शांत. मात्र उतारावर उभी करून हातब्रेक ओढला तरी सावकाश पुढे सरकते. यांनी नऊ वेळा उभी केली, सहा वेळा सरकली. तिन्ही मासिकांत हेच आहे, बाबा. हिरवीत त्यांना दोष सापडलेला नाही. गुण हिरवीला जास्त दिलेत."

"आणि वापरणारे काय म्हणतात?"

"तेच तर विचारतोय! नेमकं उलटं." श्रीरंगनं वही उघडली. "आठ दिवस खालची गावं पालथी घातली. लाल गाडीवाले चार भेटले, हिरवीवाले तीन. हिरवीवाले तिघंही बोटं मोडतात. सीट म्हणजे फळी. इंजिनाचा चटका मांडीला. आवाज इतका की शेजारी भांडायला येतो. एक जण तर म्हणाला, 'न्यायची तर हीच न्या महाराज, देतो बांधून!'"

बाबा हसले.

"आणि लालवाले?"

"एक गाऱ्हाणं नाही. मी मुद्दाम ब्रेकचं विचारलं. चौघांनाही. चौघं म्हणाले, ब्रेकला काही झालेलं नाही. नऊ नऊ वर्षं वापरतायत." त्यानं वही मिटली. "आमच्या कारखान्यात असं होतं, बाबा. माल वर्षभर वापरून गाऱ्हाणं आलं नाही, तर मालात खोट नाही. मग हे मासिकवाले एक दिवस गाडी फिरवून काय लिहितात? का लालवाल्यांना आपण घेतलं ते वाईट म्हणवत नाही?"

"तुला काय वाटतं?"

"लाल घ्यावी. वापरणारा तो वापरणारा."

बाबांनी दोराला पीळ दिला. पीळ श्रीरंगच्या हातापर्यंत आला.

"पहिला कोण भेटला?"

"रमजानभाई मुजावर. स्ट्रॉबेरीचं शेत आहे त्यांचं."

"कसे भेटले ते सांग."

"सांगितलं की. म्हणाले, गाडी लई गुणाची—"

"म्हणाले ते नको." बाबांचा आवाज हळू होता. "तू बांधावर उभा आहेस. ते गाडीवरून आले. आता पुढं सांग."

श्रीरंगला हसू आलं. पण बाबांपुढं नाही कसं म्हणणार? त्यानं डोळे बारीक केले.

"आले. गाडी थांबवली. ब्रेक ओढला. उतरले. हँडलपुढच्या सामानाच्या जाळीत एक धोंडा होता, तो काढून चाकाखाली सारला. मग हात पुसून म्हणाले, 'या महाराज, बसा.' आणि…"



बाबा दोर वळत राहिले.

"धोंडा कशाला, असं विचारलंस?"

"नाही… म्हणजे, माझं लक्ष वहीत होतं. त्यांचंही बोलण्यात होतं. निघताना त्यांनी तो उचलून पुन्हा जाळीत टाकला. चष्मा खिशात घालावा तसा."

"दुसरा?"

"दुसरा दत्ताराम शेलार. त्याच्या हँडलला दोरीनं एक लाकडी ठोकळा बांधलेला. मला वाटलं, पोरांचं खेळणं." त्याचा आवाज आता खाली आला होता. "तिसऱ्यानं गाडी आंब्याच्या बुंध्याला नाक लावून उभी केली. म्हणाला, 'तिची जागाच ती.'"

"आणि चौथा?"

"चौथी. सुलभाबाई. शेळ्या पाळतात. त्या गाडीवरून उतरल्याच नाहीत, बाबा. तासभर मी उन्हात उभा, आणि त्या वर बसून बोलतायत. मला म्हणाल्या, 'तुमच्या मासिकवाल्याला सांगा, आठ शेळ्या घालून हा घाट उतरून दाखव म्हणावं, मग लिही.' मी वहीत लिहून घेतलं… बाई गर्विष्ठ आहे."

"पाय कुठं होता तिचा?"



अंगणात कोंबडी पाला उकरत होती. स्वयंपाकघरातून कोंडिबाच्या गुणगुणण्याचा आवाज येत होता.

"ब्रेकवर," शेवटी तो म्हणाला. "तासभर ब्रेकवर होता."

"खोटं बोलली का ती?"

"नाही."

"रमजानभाई?"

"नाही. त्यांना… त्यांना आता तो धोंडा दिसतच नाही, बाबा."

बाबांनी मान हलवली, आणि दोराची गाठ दाताखाली धरून आवळली.

"आपली गाडी कोण चालवणार?"

"ज्याला जमेल तो. मी. कोंडिबा. वाडीतला जो हाताशी असेल तो."

"म्हणजे घाईतला माणूस."

"हो. आणि मागच्या गाडीत यमुना असेल. वाटेत कुठं थांबावं लागलं, चालवणारा उतरून तिला बघायला गेला…" त्यानं वाक्य सोडून दिलं. मग एकदम हलकं वाटल्यासारखा म्हणाला, "हिरवी! सीट टोचली तर टोचली. मांडी भाजली तर चालवणाऱ्याची भाजेल. आणि तो गप्प बसणार नाही, गावभर सांगेल."

"सांगू दे."

"पण गंमत आहे, बाबा. जिच्याबद्दल सगळे बोटं मोडतात ती चांगली, आणि जिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही…"

"ती सांभाळून घेतलेली असते," बाबा म्हणाले.

श्रीरंगनं दोराचं टोक खुंटीला अडकवलं आणि उठला. आठ दिवसांची वणवण एका दुपारीत मार्गी लागली होती. कोंडिबाला सांगायला हवं. त्याच्याच सुनेसाठी तर हे सगळं.

तो माजघर ओलांडून स्वयंपाकघराकडे निघाला. आत कोंडिबा चुलीपाशी गुणगुणत होता, एकच ओळ, पुन्हा पुन्हा. श्रीरंगची पावलं फरशीवर वाजली.

गुणगुणणं थांबलं.

ते रोजच थांबायचं. म्हातारा आपला मान राखतो, असं श्रीरंगला इतकी वर्षं वाटत आलं होतं. आज त्याला ते थांबताना ऐकू आलं.

तो दारात उभा राहिला. कोंडिबा बसल्या पाटावरून उठला होता. पाट त्यानं फडक्यानं पुसला आणि पुढे सरकवला. विस्तव थोडा मागे ओढला, श्रीरंगला धूर सोसत नसे. दोन कपांत चहा ओतला. कान तुटलेला कप आपल्याकडे घेतला, धड कप पुढे केला. साखर कमी, जशी श्रीरंगला लागते तशी. हे सगळं करताना म्हातारा खिडकीबाहेर बघत होता. हात आपले आपण चालले होते.

"घ्या, महाराज."

"कोंडिबा, हिरवी ठरली."

"बेस झालं."

"काल तर मी लाल म्हणत होतो."

"तेबी बेस होतं, महाराज."

"तुला काय वाटतं ते सांग ना. सून तुझी आहे."

कोंडिबा गोंधळला. अशा प्रश्नाचं काय करायचं ते त्याला कळेना. त्यानं चहाकडे पाहिलं, मग श्रीरंगच्या तोंडाकडे, मग पुन्हा चहाकडे.

"तुम्ही मोजूनच ठरवलं असंल की," तो म्हणाला.

श्रीरंगनं कप हातात घेतला. घोट घेतला नाही. तो कप तसाच पाटावर ठेवून तो परत फिरला.

मागे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग गुणगुणणं पुन्हा सुरू झालं, सावकाश, पाऊल खरंच लांब गेलं ना याचा अंदाज घेत.

ओसरीवर बाबांनी दुसरा पेड घेतला होता. श्रीरंग त्यांच्यासमोर बसला. खुंटीवरचं टोक काढून त्यानं हातात धरलं. दोघांमध्ये दोर फिरू लागला.

"बाबा…"

"हं."

"पौषात झोळी उचलली ना, तेव्हा कोंडिबाचा खांदा माझ्या मागेच होता. फाट्यावर तो म्हणाला, 'महाराज, ती वाट…' एवढंच म्हणाला. मी म्हटलं, मोजली आहे मी." त्याच्या हातातला दोर सैल पडला. "पुढं तो काही बोलला नाही. कुणीच बोललं नाही. नंतरही नाही. वर्ष होत आलं, माझ्यासाठी रोज चहा करतो तो…"

कोंबडी ओसरीच्या पायरीवर चढली आणि उतरली.

"त्याला ठाऊक होतं का, बाबा? वाट खचलीय ते?"

बाबांनी दोर खाली ठेवला. पुढे सरकून श्रीरंगचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्यांचे हात वाखानं खरखरीत झाले होते.

"सहा वर्षं झाली तुला इथं येऊन, श्रीरंगा…" ते म्हणाले, "तुझ्याबद्दल अजून एकही गाऱ्हाणं माझ्याकडे आलेलं नाही."