वरीलप्रमाणे

"…आणि मेलेल्या माणसाची वही मागायला त्या बाईची जीभ रेटते तरी कशी, महाराज?"

महिपतीनं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही छातीशी घट्ट धरली होती. भर उन्हात सायकल मारत तो नदीकाठच्या मठात आला होता आणि अजून धापा टाकत होता.

नागनाथ महाराज म्हशीच्या कानामागच्या गोचिड्या काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुठली बाई?"

"नांदेडच्या कॉलेजातल्या सोळुंके मॅडम. दादाचं काम पुढं न्यायला त्याची वही पाहिजे म्हणतात. सहा वर्षं दादानं रक्त आटवलं आणि ह्यांना आयतं ताट पाहिजे! मी फोनवर सांगून टाकलं, फोटोपुढं ठेवीन, पण देणार न्हाई."

"मग?"

"मग काय… वही न्हाई मिळाली तर सगळं पहिल्यापासून करावं लागंल म्हणाल्या. तेव्हापासून झोप न्हाई मला. तुम्ही एकदा सांगा, देऊ नको म्हणून. मी सुटलो."

"आहे काय वहीत?"

महिपतीचा थोरला भाऊ दत्ताजी दोन महिन्यांपूर्वी डेंग्यूनं गेला. इचलकरंजीच्या एका कॉलेजात तो प्रयोग करायचा. महिपतीनं सातवीतच शाळा सोडून माग धरलेला. दादाकडून जेवढं कानावर पडलं होतं, तेवढं त्यानं सांगितलं. वास न येणारे पायमोजे निघालेत. त्यांना चांदीची पूड लावलेली असते. मोजे धुतले की ती पाण्यात उतरते. पूड इतकी बारीक, की केसाच्या जाडीत हजारभर कण शेजारी शेजारी बसतील. ती पाण्यात किती गेली तर मासे मरतात आणि किती गेली तर मरत नाहीत, हे दादा शोधत होता.

"एवढी बारीक? मग दिसते कशी?"

"दिसत न्हाई."

"दिसत नाही, पण आहे?"

"हाय."

"म्हणजे आमच्याच धंद्यातलं की," महाराज म्हणाले आणि हात धुऊन ओट्यावर येऊन बसले. "वाच."

महिपतीनं पिशवीच्या तीन गाठी सोडल्या आणि मधलंच पान उघडलं.

"पूड, वरीलप्रमाणे. पाणी, वरीलप्रमाणे. मासे, नेहमीचे. पुडीचं वजन, दोन मिलिग्रॅम. मेले, चार."

"वर काय आहे?"

"वर… पूड, वरीलप्रमाणे. पाणी, वरीलप्रमाणे."

"त्याच्या वर?"

महिपती पानं उलटत मागं गेला. वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे. शेवटी पहिलं पान आलं.

"मागील वहीप्रमाणे," त्यानं वाचलं.

"मग मागची वही काढ."

महिपती खाली बघू लागला.

"ती… चितेवर ठेवली. म्हटलं, वर गेल्यावर दादाला लागंल."

"म्हणजे खरंच वर आहे."

महाराजांनी चुलीकडं नजर वळवली. मग म्हणाले, "चूल पेटव लेका. चहा ठेव. नेहमीसारखा."

महिपती लगेच उठला. त्यानं पातेल्यात पाणी ओतलं, मूठ भरून साखर घातली, पावडर टाकली, काळंभोर होईपर्यंत उकळलं आणि कप भरून आणला.

महाराजांनी एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं. उरलेला चहा तुळशीला घालायला गेले, तुळशीची दया आली, मोरीत ओतला.

"हा नेहमीचा?"

"आमच्यात असाच असतो!"

"मला साखर वर्ज्य. गवती चहा, आलं, दूध नाही."

"मग तसं सांगायचं तरी!" महिपती उसळला. "मी आज पहिल्यांदाच तुमच्या चुलीशी बसलोय. तुमचं नेहमीचं काय ते मला कसं कळणार?"

महाराजांनी रिकामा कप वहीशेजारी ठेवला.

महिपतीचं तोंड उघडं राहिलं. त्यानं वहीकडं बघितलं…

"नेहमीचे मासे कुठले रे?" महाराजांनी विचारलं.

"गप्पी. शाळेमागच्या हौदातले. मीच धरून आणायचो, बोटाच्या पेराएवढे. त्याहून मोठे दादा परत सोडायला लावायचा."

"पाणी?"

"घरच्या बोरचं. दोन दिस हंड्यात झाकून ठेवलेलं."

"तांब्याच्या?"

"छे! तांब्यातलं पाणी माशांना बाधतं. पहिल्या वर्षी आईचा तांब्याचा हंडा घेतला, तर सगळे मासे एका दिसात उलटे झाले, आणि दादा पुडीलाच शिव्या देत बसला. मग प्लॅस्टिकचा आणला."

"पूड?"

"निळ्या झाकणाच्या बाटलीतली. बाटली हाय घरात, वरच्या कागदासकट."

"हे लिहिलंय कुठं?"

"लिहायचं काय त्यात? मला म्हाईत हाय की."

"आणि नांदेडच्या मॅडमना?"

महिपतीनं वहीचं पहिलं पान काढलं.

महाराजांनी आतून पेन आणून त्याच्यापुढं ठेवलं. महिपतीनं शर्टाला हात पुसले आणि ओट्यावर पालथा पडून लिहायला लागला. अक्षर चुलीतल्या काटक्यांसारखं. कुठं ओळ वर चढली, कुठं वेलांटी चुकली, पण हंडा आला, हौद आला, बोटाचं पेर आलं. पेराशेजारी त्यानं स्वतःचं बोट ठेवून रेघ मारली आणि लिहिलं, एवढा.

ऊन कलताना तो दादाच्या शेवटच्या ओळीवर थांबला.

"आता काय?"

"हिथं दादानं मेले किती ते लिहिलंच न्हाई. दवाखान्यात होता. सगळ्यात कमी पूड घातलेलं पाणी होतं हे. मला म्हणाला, म्हप्या, तू मोजून ये."

"मोजलेस?"

"मोजले की. दहा सोडले होते… दहाच्या दहा जिवंत! पूड पाण्यात असून एक मेला न्हाई, असं सहा वर्षांत पहिल्यांदा झालं. मी पळतच सुटलो, महाराज. चप्पलसुद्धा घातली न्हाई. दवाखान्याचा जिना चढलो, तर आई दारातच…"

म्हैस शेपटीनं माश्या वारत राहिली.

"दादाला सांगायचंच राहिलं."

महाराजांनी गळून पडलेलं पेन उचललं आणि त्याच्या बोटांत नीट बसवलं.

"नांदेडला सांग."