खांबेटे सरांचा जगाला निरोप

“...म्हणजे या जगात एकही सभ्य माणूस उरलेला नाही, असं समजू का मी, बुवा?”

प्रश्न विचारता विचारताच खांबेटे सर मठाच्या पायरीला अडखळले. त्यांच्या हातात सोलापुरी चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटर होता. मागून रिक्षावाला मॉनिटर घेऊन येत होता आणि त्याच्या गळ्यात वायरींचा हार होता.

अच्युतबुवा ओसरीवर वाल सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली.

“बसा. आधी त्या रिक्षावाल्याला पाणी द्या.”

घरोघरी इंटरनेट यायच्या आधीची ही गोष्ट. बुवा पूर्वाश्रमी शहरातल्या एका संशोधन संस्थेत कॉम्प्युटर सांभाळायचे. संसार सुटला, कॉम्प्युटर काही सुटला नाही. मठातलं यंत्र रोज पहाटे संस्थेच्या यंत्राला फोन लावायचं आणि जगभरच्या चर्चा, बातम्या, टपाल उतरवून घ्यायचं. मग पंचक्रोशीतल्या हौशी लोकांची यंत्रं मठाला फोन लावून आपापला वाटा घेऊन जायची. इकडच्यांनी लिहिलेलं त्याच वाटेनं उलटं जगात जायचं.

या हौशी मंडळींत सर सगळ्यात नवे. हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक. नोकरीत असताना ते नुसते खाकरले तरी अख्खी शाळा चिडीचूप व्हायची. निवृत्त झाल्यावर खाकरले की पत्नी वत्सलाबाई खडीसाखर आणून द्यायच्या.

माणूस आतून फार एकटा पडला होता. पण हे कबूल करणं मुख्याध्यापकाला कुठलं जमायला? त्यांनी कॉम्प्युटर घेतला आणि घरात जाहीर केलं, “यापुढे मी जगाशी बोलणार.”

यंत्र बसवताना बुवांनी मदत देऊ केली होती. सर म्हणाले, “मी सूचना देतो, घेत नाही.” मग काय, आपलीच बुद्धी आणि आपलीच खटपट! फोनच्या तारेला जोडलेला मोडेम किंचाळला की शेजारच्या आजी आपल्या मांजराला शिव्या घालायच्या. सरांच्या मेहुणीचा फोन लागेनासा झाला. वत्सलाबाईंनी विचारलं, “तुमचं हे मखर उठणार कधी? मला त्या टेबलावर पापड घालायचेत.”

अखेर एकदाचं यंत्र मठाशी बोलू लागलं. सरांनी नवशिक्यांच्या चर्चागटात आपला पहिला निरोप सोडला, आणि उत्तराची वाट बघत बसले.

“पंधरवडा उलटला, बुवा. एक ओळ नाही! अमेरिकेतून नाही, जपानातून नाही. अहो, कोपरगावातून नाही!”

“हं.”

“हे यंत्र मी मठाला अर्पण करतोय. यापुढे मी कुणाशी बोलणार नाही... कुणाला नकोच असेल तर कशाला बोलायचं?”

शेवटच्या वाक्याला आवाज कापला. सरांनी तो खोकल्यात लपवला.

बुवांनी वालाची पाटी बाजूला सारली.

“जोडा ते.”

“अर्पण केलंय मी.”

“मग ते मठाचं झालं. मठाचं यंत्र आहे, जोडा.”

सर पुटपुटत खाली बसले. वायरींचा हार रिक्षावाल्याच्या गळ्यातून उतरला. यंत्र सुरू झालं. बुवा शेजारी मांडी घालून बसले.

“काय लिहिलं होतंत? वाचा.”

“इंग्रजीत आहे.”

“मराठीत सांगा.”

सरांनी चष्मा पुसला, घसा साफ केला, आणि प्रार्थनेनंतर सूचना वाचायचे त्याच आवाजात वाचलं, “‘ही केवळ चाचणी आहे. कृपया दुर्लक्ष करावे.’”

“पुढे?”

“पुढे सही. दिगंबर नारायण खांबेटे, एम. ए., बी. एड., माजी मुख्याध्यापक, तालुका बुद्धिबळ मंडळाचे उपाध्यक्ष...”

“आलं लक्षात. मग जगानं काय केलं?”

“दुर्लक्ष!”

“सगळ्यांनी?”

“झाडून सगळ्यांनी!”



“सर, तुमच्या शाळेत तुमची सूचना इतकी पाळली जायची?”

रिक्षावाल्याला ठसका लागला. सर लालबुंद झाले.

“हे बघा बुवा, चाचणीला तसंच लिहायची रीत आहे. पुस्तकात दिलंय! म्हणून काय खरंच दुर्लक्ष करायचं? अहो, पंगतीत माणूस पानावर हात आडवा धरतो, ‘पुरे, पुरे’ म्हणतो. म्हणून वाढपी जिलबीचं ताट घेऊन पुढे जातो का? आग्रह म्हणून काही असतो की नाही? मी कुठे उपाशी होतो! पण एकानं तरी विचारायचं... एकानं तरी!”

आता आवाज खोकल्यातही लपेना. सर अंगणाकडे बघत राहिले.



“या गटात आणखी काय आलंय?”

“नेहमीचंच. काही विशेष नाही.”

“तरी.”

सरांनी नाइलाजानं यादी खाली सरकवली. “हे कुणीतरी मोडेमबद्दल विचारतंय... हे भांडण आहे, गेल्या आठवड्यापासून चाललंय... आणि हे फिनलंडमधलं कुणीतरी.”

“त्याचं काय म्हणणं?”

“काही नाही हो. चाचणी आहे. दुर्लक्ष करा म्हणतोय.”

“कधी आलंय?”

“झाले की काही दिवस.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“मी? मी दुर्...”

सरांचा शब्द तोंडातच राहिला.

यंत्राचा पंखा तेवढा घरघरत होता. सरांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली, मग तिच्याखालचं नाव वाचलं. ते त्यांना नीट उच्चारता येईना, तरी त्यांनी दोनदा प्रयत्न करून पाहिला. त्याच्याही सहीत कुठल्याशा क्लबचं उपाध्यक्षपद होतं.

“याला कुणी उत्तर दिलंय का, बघा,” बुवा म्हणाले.

सरांनी वर-खाली शोधलं. बराच वेळ शोधलं.

“नाही... कुणीच नाही.”

रिक्षावाला पायरीवरून म्हणाला, “साहेब, सामान इथंच ठेवायचं का परत न्यायचं? मला स्टँडला जायचंय.”

सरांनी त्याला हातानंच थांबायची खूण केली. ती खूण जुन्या मुख्याध्यापकाची होती, आणि रिक्षावाला खरंच थांबला. मग सरांनी बाह्या सरसावल्या, कीबोर्ड मांडीवर ओढला आणि उत्तराची कोरी खिडकी उघडली. बोटं अक्षरांवर ठेवली... आणि तशीच राहिली. आयुष्यभर ज्यानं दुसऱ्यांना निबंधाचे विषय घातले, त्याला एक ओळ सुचेना.

“बुवा,” ते खालच्या आवाजात म्हणाले, “काय लिहू याला?”

बुवांनी वालाची पाटी पुन्हा पुढ्यात ओढली.

“लिहा... दुर्लक्ष करणं काही जमलं नाही.”