हंडीतली वात

फार वर्षांमागे कोकणातल्या ज्यूंच्या एका सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनाघरात, शब्बाथच्या दिव्याची काचेची हंडी होती. तळाशी पाणी, वर थोडं तेल, काठाला वात.

इस्राएलला जायचं की इथंच राहायचं, यावरून माणसांत भांडण जुंपलं, तेच हंडीत शिरलं.

"मी इस्राएलला जाणार," तेल म्हणालं.

"जा की. मी इथल्या विहिरीचं," पाणी फणकारलं.

शुक्रवारी ही कटकट ऐकून दिवा लावणाऱ्या शेगुलाबाईंनी पाणीच काढून टाकलं. तेल तळाला गेलं. वात काठावर कोरडी, एकटी राहिली. दिवस कलत होता; सूर्य मावळला की शब्बाथचा विसावा सुरू, मग दिवा लावता येत नाही.

"तेला, पाण्याला का राहायचं होतं रे?" वातीनं विचारलं.

"ते विचारायचं राहिलंच," तेल म्हणालं.

वात पेटेना, तेव्हा सूर्य मावळायच्या आत शेगुलाबाईंनी पुन्हा हलकेच पाणी ओतलं. तेल वर चढून वातीला भिडलं. वात पेटली.

"जाणार तर मी आहेच," तेल पाण्याला म्हणालं, "पण तुझं आधी सांग."

पाणी सांगू लागलं.