चिमूटभर पावडर

रमजान तोंडावर आला, तसे हमदुलेशेठ आपल्या नव्या कारखान्याचे पाव घेऊन काझीसाहेबांच्या पडवीत आले. महिनाभर मशिदीत इफ्तारीला हेच पाव जायचे होते. त्यासाठी त्यांना काझींकडून ‘हलाल’ असं लेखी हवं होतं.

“पावात कसलीशी पावडर घालता म्हणे, ती कशाची?” काझींनी विचारलं.

“चरबीची असेल, नाहीतर वनस्पतीची. मैद्याच्या पोत्यामागे चिमूटभर घालतो. एवढ्याशाने काय होतंय?”

मशिदीचं छप्पर शेठनीच घालून दिलेलं. काझींनी लिहून द्यायला पेन उघडलं.

कोपऱ्यात काझींची खाला, म्हणजे मावशी, हुरमतबी सुपारी कातरत होती. चाळीस वर्षं तिने पावाची भट्टी चालवलेली, लहानपणी शेठही तिचेच पाव खायचे. तिने एक पाव दाबून पाहिला.

“मऊ झालाय रे. पावडर नाही घातली तर?”

शेठ खुलले. “दगड होतो, खाला. सगळी करामत त्या चिमटीचीच.”

“मग एवढ्याशाने काय होतं, ते तूच सांगितलंस, बाळा. आता ती कशाची तेवढं विचारून ये. तोवर इफ्तारीला पोरांना माझे कडक पाव चालतील. तुला चालायचेच की.”

काझींनी पेनाला टोपण लावलं. शेठनी हसत चपला शोधल्या.